काल कुठं होता?

सकाळचे पावणेसहा. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी चार दुचाक्या ओळीनं उभ्या आहेत आणि शेजारी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका बुटाची नाडी बांधतायत. नाडीला एरवी दहा सेकंद लागतात. आज दोन मिनिटं झाली तरी त्यांची मान वर होत नाही, कारण समोर तिघं उभे आहेत आणि तिघांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न आहे.

“काय ओ, काल कुठं होता?”

“कराडला. मेव्हण्याच्या मुलीचं लग्न.”

“मुहूर्त कितीचा?”

“बारा पस्तीसचा.”

“मग पावणेसहाला काय अक्षता निवडत होता?”

काका उत्तर देत नाहीत. नाडीची आणखी एक गाठ मारतात आणि कुणाची वाट न बघता चढाला लागतात. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा चार मिनिटं आधी वर पोचतात आणि मंगळाईच्या देवळापाशी घाम पुसत उभे राहून मागून येणाऱ्या तिघांकडं असं बघतात, जणू कालपासून इथंच आहेत.

माणूस व्यायामाला कशामुळं जातो, यावर जगभर पुष्कळ विचार झालेला आहे. जिमच्या भिंतीवर सिंह असतो, सिंहाखाली इंग्रजी वाक्य असतं आणि त्या वाक्याला टॉवेल वाळत घातलेला असतो. पण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत जरा फिरलं, की लक्षात येतं की इथं सिंहाचं फारसं काही चालत नाही. इथं माणसाला अंथरुणातून उठवते ती चौकशी. न गेल्यावर होणारी. प्रेरणा हा शब्द वक्तृत्व स्पर्धेत वापरतात; आखाड्यात, गडावर आणि सहाच्या बॅचला वापरात असलेला शब्द आहे ‘दांडी’, आणि ती कुणी मारली याची नोंद ठेवणारी माणसं तिथं फुकट मिळतात.

अजिंक्यतारा पायथ्यापासून सुमारे तीनशे मीटर उंच. औरंगजेबाला तो घ्यायला 1699 चा डिसेंबर ते 1700 चा एप्रिल असे साडेचार महिने लागले. सुरुंग लावला तर तो त्याच्याच सैन्यावर उलटला. तोच गड आज गुडघ्याला पट्टा लावलेली माणसं पाऊण तासात सर करून, वर पाच मिनिटं राजकारणावर बोलून, दूध घेऊन सात वाजता घरी परत येतात. आता बादशहाला वरून गोळे येत होते आणि काकांना फक्त टोमणे, हा फरक मान्य केला पाहिजे. तरीही बादशहाकडं एक गोष्ट नव्हती. ‘काल चढला नाहीस का?’ असं त्याला विचारायची कुणाची छाती नव्हती.

गडावर जाणाऱ्यांच्या जाती ठरलेल्या आहेत. एक म्हणजे अनवाणी चढणारे. ते बूटवाल्यांकडं दयेनं बघतात. दुसरे उलटे चालणारे. गुडघ्याला बरं असतं असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि कुणी सांगितलं ते बघायला त्यांना मागं वळता येत नाही. तिसरे फोनवर मोठ्यानं भक्तिगीतं लावणारे, चौथे त्यांना आवाज कमी करायला सांगणारे. या दोघांचं भांडण वर्षानुवर्षं चालू आहे आणि त्यामुळंच दोघंही वर्षानुवर्षं न चुकता येतात. पाचवी जात मोजणाऱ्यांची. यांच्या मनगटावर घड्याळ असतं, ते पावलं मोजतं, ठोके मोजतं, झोप मोजतं. यातल्या एका गृहस्थांनी खाली उतरल्यावर घड्याळ बंद करायचं विसरून तसंच स्कूटरला किक मारली. त्या दिवशी ॲपनं मित्रमंडळींना कळवलं की हे ताशी बेचाळीस किलोमीटर वेगानं पळाले. पंधरा जणांनी त्यावर अंगठा दिला. सोळाव्यानं विचारलं, “पेट्रोल कितीचं गेलं?”

ही चौकशी काही स्मार्टफोननं आणलेली नाही. या दोन जिल्ह्यांत तिला राजमान्यता होती, अगदी अक्षरशः. साताऱ्याच्या पूर्वेला औंध. आज ते सातारा जिल्ह्यातलं यमाई देवीचं शांत गाव आहे. पण संस्थान होतं तेव्हा आत्ताच्या सांगली जिल्ह्यातलं आटपाडी त्यात होतं, कुंडल होतं, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये निवडुंगाच्या माळावर वसवलेली किर्लोस्करवाडीही होती. या औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी म्हणजे चित्रकार, कीर्तनकार, संग्राहक आणि व्यायामवेडे, असं सगळं एकाच फेट्याखाली. 1897 मध्ये त्यांनी युजेन सँडो या जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटूची पुस्तकं आणि व्यायामाची साधनं मागवली आणि पुढची दहाएक वर्षं त्यांवर मेहनत केली. थोडक्यात, घरी यंत्र आणून एकट्यानं व्यायाम करण्याचा प्रयोग औंधच्या राजवाड्यात सव्वाशे वर्षांपूर्वीच पार पडून गेलेला आहे. हल्ली ज्यांच्या बेडरूममध्ये ट्रेडमिलवर साड्या वाळतात, त्यांनी स्वतःला पहिलं समजू नये.

मग महाराजांना दिशा कुणी दिली? मिरजेच्या राजेसाहेबांनी. मिरजेचे अधिपती गंगाधरराव ऊर्फ बाळासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून भवानरावांनी 1908 च्या सुमाराला नियमानं सूर्यनमस्कार सुरू केले. म्हणजे जगभर पोचलेल्या सूर्यनमस्काराच्या प्रसाराच्या मुळाशी काय आहे, तर शेजारच्या जिल्ह्यातल्या मित्रानं सांगितलं, “अहो, ते यंत्र सोडा, नमस्कार घाला.” सांगली जिल्ह्यातल्या माणसानं सातारा जिल्ह्यातल्या माणसाला व्यायामावरून सल्ला द्यायचा, ही परंपरा तिथपासूनची. त्याआधीही असेल, पण तेव्हाचे सल्ले कुणी लिहून ठेवलेले नाहीत.

महाराजांनी हा सल्ला स्वतःपुरता ठेवला असता तर औंधच्या शाळकरी पोरांचे पुष्कळ घामाचे थेंब वाचले असते. पण महाराज नमस्कार घालू लागले, राणीसाहेब घालू लागल्या, राजपुत्र घालू लागले आणि मग संस्थानातल्या शाळांत ते सक्तीचे झाले. 1928 मध्ये त्यांनी सूर्यनमस्कारावर इंग्रजीत पुस्तक काढलं. पुढं लंडनच्या एका पत्रकार बाईंनी त्यांची गाठ घेतली, आणि 1938 मध्ये तेच ज्ञान आरोग्याचा दहा कलमी मार्ग म्हणून ब्रिटिश वाचकांपुढं गेलं. गावात आलेल्या पाहुण्याला चहाआधी नमस्कार घालायला लावत असतील की काय, अशी शंका यावी इतका त्यांचा उत्साह दांडगा होता. त्या लाटेचा परिणाम असा, की आचार्य अत्र्यांनी 1933 मध्ये ‘साष्टांग नमस्कार’ नावाचं नाटक लिहून नमस्काराच्या वेडाची यथेच्छ टिंगल केली आणि महाराष्ट्र पोट धरधरून हसला. पोटाला व्यायाम झाला तो तिथंही.

याच्याही मागं जायचं तर समर्थ रामदास. समर्थांनी सतराव्या शतकात स्थापलेले अकरा मारुती नकाशावर मांडून बघावेत. चाफळचे दोन, उंब्रज, मसूर, शहापूर, माजगाव आणि शिंगणवाडी असे सात साताऱ्यात. बहे आणि शिराळा हे दोन सांगलीत. मनपाडळे आणि पारगाव कोल्हापुरात. आजच्या भाषेत म्हणायचं तर कृष्णेच्या खोऱ्यात अकरा शाखा, एकच ब्रँड, आणि प्रवेश फी म्हणून शनिवारी वाटीभर तेल. मारुती गावात आला की शेजारी तालीम यायचीच. तालमीत देव कोपऱ्यात आणि वस्ताद मध्ये. पण पोरं घाबरायची मध्ये असणाऱ्यालाच.

तालमीचं गणित जिमपेक्षा उलटं आहे. जिममध्ये आरसे भिंतभर, तालमीत आरसाच नाही. तुम्ही कसे दिसता हे तुमचा जोडीदार सांगतो, तेही तुमच्या छाताडावर बसून. हौदातली लाल माती तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळायची. (सांगली हळदीची पेठ आहे, हा योगायोग नसावा. हळदीचं दूध आता परदेशातल्या कॉफीच्या दुकानांत महागड्या पेल्यातून मिळतं. इथं त्या हळदीत पोरं लोळत मोठी झाली.) पहाटे चारला उठून जोर, बैठका, सपाट्या. एकट्यानं हजार बैठका मारणारा पैलवान शोधून सापडायचा नाही. समोरचा मारतो म्हणून हा मारतो, हा थांबत नाही म्हणून तो थांबत नाही, आणि दोघांनाही थांबायचं असतं हे वस्तादला ठाऊक असतं. म्हणून तो मुद्दाम दुसरीकडं बघतो.

या मातीतून काय निघालं ते सांगायलाच हवं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये बँटमवेट फ्रीस्टाइल गटात कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आता हे पदक एकट्याचं म्हणायचं की कसं? हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्याच्या हजेरीची काळजी करणारे प्राचार्य पुष्कळ असतात. त्याच्या ऑलिम्पिकमधल्या हजेरीसाठी घर तारण ठेवणारे खर्डेकरच. पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि एरवी पंधरा मिनिटांच्या वाटेला सहा-सात तास लागले असं सांगतात. हेलसिंकीहून कऱ्हाडला येणं सोपं, कऱ्हाडहून गोळेश्वरला पोचणं अवघड.

सांगलीकरांनी हे वाचून खाली मान घालायचं कारण नाही. कवठेपिरानचे मारुती माने 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आले आणि 1964 मध्ये हिंदकेसरी झाले. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी 2023 मध्ये सांगलीतच झाली आणि गदा सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं घरीच ठेवली. तालमींचा उरक तर असा, की मिरजेत अंबाबाई तालीम या नावाच्या संस्थेनं पुढं इंजिनिअरिंग कॉलेज चालवलं. जगात व्यायामाच्या ब्रँडांनी बूट काढले, बाटल्या काढल्या, घड्याळं काढली. तालमीच्या नावानं इंजिनिअर काढायचं धाडस मिरजेतच होणार.

आता विश्रामबागेत चला. सांगलीचा हा भाग रुंद रस्त्यांचा, क्लासेसचा आणि पहिल्या मजल्यावरच्या जिमचा. खाली औषधांचं दुकान, वर जिम. ही मांडणी कुणी केली माहीत नाही, पण सोयीची आहे. संध्याकाळची सहाची बॅच. आत शिरल्यावर पहिल्यांदा ऐकू येते ती आरोळी: “तुझीच आहे! तुझीच आहे! अजून एक!”

बेंचवर आडवा झालेला एक मुलगा छातीवर लोखंड घेऊन थरथरतोय. त्याच्या डोक्यामागं मित्र उभा आहे आणि दोन बोटांनी बार धरून ओरडतोय, “मी नुसतं बोट लावलंय!” बोटांच्या मागचे दंड फुगून शर्टाची शिवण उसवायला आली आहे, मानेची शीर टेलिफोनच्या वायरीएवढी झाली आहे, चेहरा टोमॅटोसारखा. बार वर जातो. खाली पडलेला उठतो, आरशात बघतो आणि विचारतो, “स्वतः मारली ना रे?” मित्र हात झाडत म्हणतो, “मग! बोटच होतं नुसतं.” या वाक्याची सत्यता कुणी तपासत नाही. पाच मिनिटांनी दोघांच्या जागा बदलतात आणि तेच बोट, तेच वाक्य, तोच टोमॅटो. शहाण्यांनी मैत्रीच्या व्याख्या वाचण्यापेक्षा हे पंधरा मिनिटं उभं राहून बघावं.

इथल्या ट्रेनरचं वय चोवीस, आणि पन्नाशीचे प्राध्यापकही त्याला ‘सर’ म्हणतात. सर फार बोलत नाहीत. त्यांची खरी कामगिरी मोबाइलवर. तीन दिवस न आलेल्या माणसाला ते फोन करत नाहीत. ग्रुपवर त्याचं नाव न घेता नुसता रिकाम्या मॅटचा फोटो टाकतात. त्याखाली बाकीचे हळहळल्याच्या चित्रांची रांग लावतात. वार्षिक पॅकेजचे अकरा हजार भरूनही जो माणूस हलत नाही, तो त्या एका फोटोनं दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं आधी दारात असतो. पैशानं येत नाही ती जाग फोटोनं येते. अब्रू अकरा हजारांपेक्षा महाग असते, आणि सांगलीत तर फारच.

सकाळच्या साडेसहाला याच जागी बायकांची झुंबा बॅच. झुंबाचा जन्म कोलंबियातल्या काली शहरातला. नव्वदच्या दशकात बेतो पेरेझ नावाचा शिक्षक एरोबिक्सची कॅसेट घरी विसरला आणि पिशवीत होत्या त्या साल्सा-मेरेंगेच्या कॅसेटवर त्यानं वर्ग निभावून नेला. विश्रामबागेत येईतो तिच्यात साल्सा किती उरला कुणास ठाऊक. चौथ्या गाण्याला ‘झिंगाट’ लागतं आणि पुढच्या पाच मिनिटांत जे होतं त्याला झुंबा म्हणणं ही निव्वळ औपचारिकता आहे. मागच्या रांगेत सासू, पुढच्या रांगेत सून. घरी दोघींचं किती जमतं हा त्यांचा प्रश्न, पण इथं सून चुकली की सासू डाव्या पायानं इशारा करते. एका काकूंनी गुडघा दुखतो म्हणून पंधरा दिवस सुट्टी घेतली. सोळाव्या दिवशी बॅचमधल्या सहा जणी तब्येत बघायला घरी. काकूंनी पोहे केले, चहा केला, भडंग दिलं, सगळ्यांना दारापर्यंत सोडलं. जाताना एकीनं चप्पल घालता घालता विचारलं, “एवढा वेळ उभ्याच होता की, गुडघा कुठला?” सतराव्या दिवशी काकू पहिल्या रांगेत.

समूहात माणूस जास्त कष्ट करतो की कमी, याचा शास्त्रज्ञांनीही नाद केला आहे, आणि गंमत म्हणजे उत्तरं दोन आली. मॅक्स रिंगेलमान हा फ्रेंच शेतकी अभियंता. त्यानं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला आणि 1913 मध्ये निष्कर्ष छापला: माणसं वाढली की प्रत्येकाची ओढ कमी होते, आठ जण झाले की जवळजवळ निम्मी. ज्यानं गावच्या यात्रेत रथाचा दोर धरला आहे त्याला हे वाचायची गरज नाही. दोराला शंभर हात असतात. त्यातले ओढणारे वीस, बाकीचे दर्शन घेत असतात. नंतर विसाच्या दशकात ऑटो क्योलर या जर्मन संशोधकानं बर्लिनच्या वल्हवणाऱ्यांना आधी एकेकट्यानं आणि मग जोडीनं वजन उचलायला लावलं. जोडीतला दुबळा एकट्यानं उचलताना जेवढा टिकला होता, त्यापेक्षा जास्त वेळ टिकला. मात्र एक अट दिसली. दोघांत फरक बेताचा हवा. फार ताकदवान जोडीदार असला तर दुबळा हात टेकतो. अगदी बरोबरीचा असला तर ईर्ष्येला टोक येत नाही.

ही अट साताऱ्याला तोंडपाठ आहे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. 1984 च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय स्त्री. जिल्ह्याला तिचा अभिमान केवढा! पण ललिताला बघून एखादे विमा एजंट सकाळी उठून पळायला लागले, असं झालेलं नाही. ते पळायला लागले कारण समोरच्या बिल्डिंगमधला पतसंस्थेचा मॅनेजर पळायला लागला. त्याचं पोट यांच्यापेक्षा दोन इंच जास्त होतं. दिवाळीनंतर एक इंच कमी झालं. त्या तीन इंचांनी झोप उडाली.

साताऱ्यात हे सगळं एकवटतं ते हिल हाफ मॅरेथॉनच्या दिवशी. 2012 मध्ये ती सुरू झाली. कास पठार ज्या पश्चिम घाटात आहे, त्याची स्थळं जागतिक वारशाच्या यादीत गेली तेच हे वर्ष. एकवीस किलोमीटर, शहरातून समर्थ मंदिराच्या अंगानं यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तेवढाच उतरायचा. 2015 मध्ये एकाच डोंगरावर धावणाऱ्यांच्या संख्येचा गिनेस विक्रम तिच्या नावावर लागला: 2,618. एका डोंगरावर एका सकाळी एवढी माणसं त्याआधी गेली असतील ती बहुधा औरंगजेबाबरोबरच, आणि त्यांना पदक मिळालं नव्हतं.

धावणारे बाहेरगावचे कितीही असोत, धावायला लावणारे साताऱ्याचेच. दाराशी उभं राहून बघणाऱ्यांत ढोल असतो, लेझीम असतं, थाळ्या वाजवणाऱ्या आज्या असतात. घाटाच्या मधल्या वळणावर जिथं पुण्याच्या पाहुण्याचा दम संपतो आणि तो हळूच चालायला लागतो, तिथं हमखास एक दहा वर्षांचं पोरगं उभं असतं. ते काही उपदेश करत नाही, फक्त म्हणतं, “ओ काका, पळायचं असतंय इथं.” पाहुणा पळतो. वळण संपेपर्यंत तरी.

परतताना चौकात पेढे. हे मात्र लपवण्यात अर्थ नाही. सत्तर किलोचा माणूस एकवीस किलोमीटर पळाला की ढोबळ हिशेबानं चौदाशे-पंधराशे कॅलरी जळतात. पाव किलो कंदी पेढ्यांत हजाराच्या आसपास परत येतात. उरलेल्या चारशे-पाचशेसाठी मिसळ आहे. एकट्यानं पळणारा माणूस हा हिशेब करून घरी काकडी खातो. ग्रुपनं पळणारा हिशेबच करत नाही, कारण बिल आज कुणी द्यायचं यावर चर्चा चालू असते. साताऱ्याच्या कित्येक ग्रुपांचं वजन वर्षानुवर्षं जागच्या जागी आहे. व्यायाम अखंड, मिसळ अखंड. याला तोल म्हणतात.

सांगलीत डोंगर नाही, पण कृष्णा आहे आणि तिच्यात पहाटे पोहणारे आहेत. कृष्णेच्या या पट्ट्यात, भिलवडी-औदुंबरपासून सांगलीच्या आसपासपर्यंत, मगरी आहेत हे वन खात्यालाही माहीत आहे आणि पोहणाऱ्यांनाही. दरवर्षी कुठल्या तरी काठावर मगर दिसते, बातमी येते, चार दिवस घाट सुना पडतो. पाचव्या दिवशी सगळे एकमेकांना विचारून पुन्हा उतरतात. फक्त पोहताना कुणी शेवटी राहत नाही. वेग वाढवायच्या जगातल्या कुठल्याही पद्धतीत हा घटक नाही. आता ही थट्टा करावी की नाही हा प्रश्न आहे, कारण मगरींनी माणसं ओढून नेल्याच्या घटना खऱ्या आहेत. पण पोहणारे स्वतःच ती करतात, आणि घाटावर केस पुसता पुसता करतात.

चहाच्या गाड्याला तर सांगलीत नीट नमस्कारच केला पाहिजे. संकेत सरगरच्या घरची पानटपरी आणि चहाचा गाडा. टपरी सांभाळत तो मयूर सिंहासने यांच्या हाताखाली वेटलिफ्टिंग शिकला आणि 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात त्या स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक त्यानं आणलं. एकूण 248 किलो, रौप्य. सोनं मलेशियाला गेलं 249 किलोवर. दुसऱ्या उचलीत संकेतचा कोपर दुखावला, तरी तो तिसऱ्यांदा वजनाखाली गेला. त्याआधी जूनमध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धेत धाकट्या बहिणीनं, काजलनं, 40 किलो गटात सोनं मारलं होतं. क्योलरसाहेबांची अट इथं घरातच भागली. ज्या घरात धाकटी बहीण नुकतीच सोनं घेऊन आली आहे, तिथं थोरल्या भावाला भिंतीवर सिंह कशाला लागतो?

आणि पाऊस. दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्या शिस्तीचा कस लागतो तो जुलैत. यवतेश्वरावर ढग बसतो, अजिंक्यतारा दिसत नाही, सांगलीत लोक उठल्या उठल्या आयर्विन पुलाची पाणीपातळी किती फुटांवर आहे ते बघतात.

अशाच एका पहाटे, पाचाला, अंथरुणात पडल्या पडल्या निवृत्त काकांनी ठरवलं की आज जायचं नाही. कौलावर पाऊस कोसळत होता. बाकीचे चौघंही कुठं येतायत एवढ्या पावसात. त्यांनी कूस बदलली. मग वाटलं, समजा आले तर? उद्या पुन्हा अक्षता निवडायला लावतील. साडेपाचला त्यांनी प्लॅस्टिकचा रेनकोट चढवला, डोक्याला कानटोपी, कानटोपीवर दुधाची पिशवी, आणि चरफडत पायथ्याला गेले. तिथं तीन दुचाक्या आधीच उभ्या होत्या. तिघं झाडाखाली, तिघांच्या डोक्यावर पिशव्या, तिघांचे चेहरे चिडलेले.

“तू का आलास?”

“तुम्ही आला असाल म्हणून. तुम्ही?”

“तू येशील म्हणून.”

थोडा वेळ कुणी बोललं नाही. चढावरून लाल पाणी वाहत येत होतं, बुटांत शिरत होतं. मग एकानं मोजलं. चार. पाचवा, एस.टी. महामंडळातला, आलेला नाही. चौघांच्या चेहऱ्यावर एकदम तरतरी आली. गड राहिला बाजूला. चार दुचाक्या वळल्या आणि गोडोलीच्या दिशेनं निघाल्या. पाचव्याच्या दारात जाऊन चौघांनी एकदम हॉर्न दाबला. वरच्या मजल्यावरचा दिवा लागला, खिडकी बोटभर उघडली आणि आतून बायकोचा आवाज आला, “अहो, उठा. आली तुमची माणसं.”